गाडी रुतली तर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे सेकंडहँड थार आहे, फोर बाय फोर. पावसाळ्यात मित्रांच्या गाड्यांबरोबर त्र्यंबक, हरसूल, इगतपुरीकडच्या कच्च्या रस्त्यांनी फिरतो. गेल्या वर्षी भातखाचराच्या कडेला गाडी रुतली आणि ट्रॅक्टर मिळेपर्यंत अंधार पडला. सगळे म्हणतात विंच (गाडीला बसवायचं, दोर गुंडाळत गाडी ओढून काढणारं यंत्र) लाव, पण बजेट जेमतेम 10-12 हजार आहे. ऑनलाइन दोन-अडीच हजारात रुतलेली गाडी ओढायचं अख्खं किट मिळतं, ते घेऊ का?
– वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : विंच आत्ता डोक्यातून काढून टाका दादा. चांगली विंच, तिच्यासाठी भक्कम बंपर, वायरिंग, धडधाकट बॅटरी असं सगळं धरलं तर खर्च तुमच्या बजेटच्या कितीतरी पट होतो. आणि तुम्ही एकटे फिरत नाही, ओढायला दुसरी गाडी सोबत असतेच, मग दोन गाड्यांच्या मधलं सामान तेवढं धड पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे की ताण आल्यावर जे तुटून उडू शकतं त्यात एक रुपया वाचवायचा नाही, बाकीचं घरातलं, शेतातलं, भंगारातलंसुद्धा चालतं.

म्हणूनच ते किट नको. पट्ट्यावर '10 टन' असं मोठ्ठं छापलेलं असतं, पण 10 टनाला तुटतो की 10 टनापर्यंत वापरायचा हे लिहिलेलंच नसतं, आणि दोन्ही टोकांना लोखंडी हूक असतात. पट्टा तुटला किंवा हूक सटकला तर तो थेट काचेतून आत येतो, त्यात जीव जाऊ शकतो.

त्याऐवजी नायलॉनचा स्नॅच स्ट्रॅप, म्हणजे गाडी ओढायचा ताणणारा पट्टा घ्या, साधारण 9 मीटर लांब, दोन्ही टोकांना नुसता शिवलेला लूप असलेला आणि ब्रेकिंग स्ट्रेंथ (किती ताणाला तुटतो ते) 8 टनाच्या आसपास. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दोन ते तीन पट हा हिशोब, त्यात थार बसते. नायलॉन ताणला की 20 टक्क्यांच्या आसपास लांबतो आणि परत आखडताना गाडी उचलून घेतो, म्हणून झटका बसत नाही. पॉलिएस्टरचा साधा टो स्ट्रॅप जवळजवळ ताणतच नाही, रस्त्यावर बंद पडलेली गाडी न्यायला ठीक, चिखलातून झटक्याने काढायला नाही. साखळी किंवा वायर रोपने झटका तर अजिबात मारू नका.

शॅकल, म्हणजे पट्टा गाडीला जोडायची पिनवाली लोखंडी कडी, मात्र आपल्या नाशकातच घ्या. अंबड किंवा सातपूरला लिफ्टिंग टॅकलचं सामान विकणारी दुकानं आहेत, तिथं क्रेनवाले घेतात तेच बो शॅकल मागा, पाऊण इंची. हातात घेऊन बघा, अंगावर वर्किंग लोड (किती भारापर्यंत वापरायचं ते) उठावात छापलेला असतो, पाऊण इंचीवर 4.75 टन, आणि पिन बॉडीपेक्षा जाड दिसते. नुसतं चकचकीत गुळगुळीत, काहीच न छापलेलं शॅकल असेल तर स्वस्त असलं तरी ठेवून द्या. पिन हाताने पूर्ण आवळायची आणि मग पाव फेरा उलटी फिरवायची, नाहीतर ताण आल्यावर अशी जाम होते की पाना लावूनही निघत नाही. त्याच दुकानात पिवळा वेबिंग स्लिंग (वजन उचलायचा रुंद विणलेला पट्टा) मिळतो, पिवळा म्हणजे 3 टन, जांभळा 1, हिरवा 2. झाडाला गुंडाळायला तो झकास, रुंद असल्यामुळे साल कापली जात नाही. पण तो पॉलिएस्टरचा, त्याने झटका मारायचा नाही.

उरलेल्या पैशात हवेचा 12 व्होल्टचा कंप्रेसर आणि प्रेशर गेज घ्या, हे लोकांना सगळ्यात कमी महत्त्वाचं वाटतं आणि माझ्या मते हेच सगळ्यात उपयोगाचं. चिखलात शिरायच्या आधीच 30-32 ची हवा 18-20 पीएसआयवर आणली तर टायरचा जमिनीला लागणारा भाग लांब होतो आणि बऱ्याच वेळा ओढायची वेळच येत नाही, फक्त डांबरी रस्त्याला लागायच्या आधी परत भरायची हे विसरायचं नाही.

बाकी फावडं, बॉटल जॅक, जॅकखाली ठेवायला फूटभर चौकोनी जाड प्लायवूड (नाहीतर गाडी राहते जागेवर आणि जॅकच खाली जातो), आणि मार्केट यार्डातून चार ज्यूटची बारदानं. ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या पकड देणाऱ्या फळ्या) पुढच्या वर्षी घ्या. चाक उचलायचं, खाली दगड-मुरूम भरायचा, वर बारदान टाकायचं, त्यात एक बारदान ओलं करून पट्ट्याच्या मध्यावर टाकायचं, पट्टा तुटलाच तर तिथंच खाली बसतो. बघणाऱ्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा, व्हिडिओ काढणाऱ्यांना तर आणखी लांब.

ओढताना दोन मीटर ढील ठेवून लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या जास्त ताकदीच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये) हळू निघायचं, जोरात धावत येऊन नाही. आणि शक्यतो गाडी ज्या चाकोरीतून आत गेली तिथूनच मागे काढायची, पुढे काय आहे ते माहीत नसतं, मागची जमीन आपण बघितलेली असते. घरी आल्यावर पट्टा धुवून सावलीत वाळवायचा, आत राहिलेली वाळू धागे कापते.

प्रश्न : माझी जुनी डस्टर ऑल व्हील ड्राइव्ह आहे. बंपरमध्ये स्क्रू करून बसवायचा हूक गाडीबरोबर आलाय, त्याला स्नॅच स्ट्रॅप लावला तर चालेल का?
– वाचक, इंदिरानगर

उत्तर : नाही चालणार. तो हूक सपाट रस्त्यावर गाडी हळू टो करायला दिलाय, चिखलाची पकड आणि झटका दोन्ही मिळून त्याच्या आवाक्याबाहेर जातं, त्यात तिरका ताण आला तर आणखी वाईट. तुमच्यासाठी फावडं, कमी हवा आणि सरळ रेषेतला सावकाश ओढा हाच मार्ग. बंपर गार्डलाही काही बांधू नका. चेसिसच्या गाडीला हूक नव्याने लावून घेणाऱ्यांनी बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 छापलंय का ते स्वतः बघावं, गॅरेजवाल्याच्या शब्दावर जाऊ नये.

प्रश्न : निफाडकडे आमची द्राक्षबाग आहे आणि साधी बोलेरो आहे, फोर बाय फोर नाही. काळ्या मातीत पाऊस झाला की गाडी हमखास रुतते, मग मिस्टर शेजारचा ट्रॅक्टर बोलावतात आणि साखळीने ओढतात. मला भीती वाटते. काही वेगळं घ्यावं का?
– वाचक, निफाड तालुका

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि टायरच्या नक्षीत इतकी गच्च बसते की चाक लाडवासारखं गुळगुळीत होतं, मग ॲक्सिलरेटर दाबून फक्त खड्डा खोल होतो. चाक नुसतं फिरायला लागलं की पहिल्या मिनिटात थांबायचं, उतरून नक्षी खुरप्याने मोकळी करायची, चाकापुढची माती उतरती कापायची आणि बारदान टाकायचं.

ट्रॅक्टर बोलवाच, पण साखळीच्या जागी लिफ्टिंग दुकानातला 6 मीटरचा पिवळा स्लिंग आणि वर्किंग लोड छापलेले दोन शॅकल घ्या, तेवढ्यात काम होतं. शेजाऱ्यांना सांगा की आधी हळूच ताण घ्यायचा आणि मग क्लच सोडायचा, झटका नाही. स्लिंग ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच लावायचा, वरच्या टॉप लिंकला कधीच नाही, कारण वरून ओढ आली की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि तो मागे उलटतो. आणि बागेतल्या अँगलला किंवा तारेला काही बांधू नका, अख्ख्या ओळीचा ताण तिथं असतो, एक अँगल उपटला की मांडव खाली येतो. बांधावर आंबा, चिंच असं जुनं झाड असेल तर त्याच्या बुंध्याला, जमिनीलगत.