वाचकांचे प्रश्न : सर्वांत मोठा एकल कलाकार कोण?

प्रश्न : आमच्या गटात एक वाद वर्षानुवर्षं मिटत नाही. स्वतःच्या एकट्याच्या नावावर गाणाऱ्या पुरुष कलाकारांत सर्वांत मोठा कोण? कुणी एल्विस प्रेस्ली म्हणतो, कुणी मायकल जॅक्सन, कुणी प्रिन्स. 'ज्याची त्याची आवड' असं उत्तर कृपया देऊ नका.

उत्तर : स्टीव्ही वंडर. १९७२ ते १९७६ या काळात त्याचे पाच अल्बम आले : 'म्युझिक ऑफ माय माइंड', 'टॉकिंग बुक', 'इनरव्हिजन्स', 'फुलफिलिंगनेस फर्स्ट फिनाले' आणि 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ'. यांतल्या शेवटच्या तिन्ही अल्बमना वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. १९७६ साली ते गायक पॉल सायमनला मिळालं, तेव्हा 'यंदा अल्बम काढला नाही' याबद्दल त्याने मंचावरून स्टीव्ही वंडरचे आभार मानले होते.

पण पारितोषिकं हे आमचं कारण नाही. चाल बांधणं, गाणं, वाजवणं आणि ध्वनिमुद्रण घडवणं ही चारही कामं एकाच माणसाने इतक्या वरच्या दर्जाची केल्याचं दुसरं उदाहरण आम्हाला दिसत नाही. 'टॉकिंग बुक'मधलं 'सुपरस्टिशन' हेडफोन लावून चार वेळा ऐका. पहिल्या वेळी फक्त ड्रमकडे लक्ष द्या. सुरुवातीला ते एकटेच वाजतात आणि हाय-हॅटवरचे (ड्रमसोबतच्या झांजांच्या जोडीवरचे) आघात प्रत्येक आवर्तनात थोडे बदलतात, कुठेही यंत्रासारखे सरळ येत नाहीत. दुसऱ्या वेळी क्लॅव्हिनेट ऐका. या वाद्यात पट्टी दाबली की आतल्या तारेवर आघात होतो, म्हणून आवाज गिटारसारखा तुटक येतो. इथे क्लॅव्हिनेटचे अनेक थर एकावर एक चढवले आहेत आणि ते एकमेकांना उत्तर दिल्यासारखे बोलतात. तिसऱ्या वेळी मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवलेला बेस, म्हणजे खालच्या सुरांची साथ, ऐका आणि चौथ्या वेळी गळा. हे सगळं एकट्या वंडरचं आहे. बाहेरचे वादक दोनच, एक ट्रम्पेट आणि एक टेनर सॅक्सोफोन. 'हायर ग्राउंड' आणि 'लिव्हिंग फॉर द सिटी'मधली सगळी वाद्यंही त्यानेच वाजवली आहेत.

श्रेय मात्र नीट वाटलं पाहिजे. या काळातला सिंथेसायझरचा आवाज घडवण्यात माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गुलेफ यांचा मोठा वाटा आहे.

प्रश्न : वंडरची नंतरची गाणी इतकी उतरली, त्याचं काय?

उत्तर : उतरली, हे खरं आहे. १९८४ च्या 'आय जस्ट कॉल्ड टू से आय लव्ह यू'ने अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिला क्रमांक गाठला, ऑस्करही मिळवलं. तरी 'इनरव्हिजन्स'मधल्या कुठल्याही गाण्याशेजारी ते ठेवलं की फिकं पडतं. कलाकार मोजायचा तो त्याच्या शिखरावरून आणि तिथे तो किती काळ टिकला यावरून. सरासरी काढली तर दीर्घकाळ काम करणारा प्रत्येक जण मागे पडेल आणि लवकर गेलेला पुढे जाईल.

प्रश्न : विक्रीचे आकडे असताना वाद हवाच कशाला? एल्विसच्या शंभर कोटी तबकड्या विकल्या गेल्या असं सगळीकडे छापून येतं.

उत्तर : अशा आकड्यांत सिंगल (एकेका गाण्याच्या तबकड्या) आणि अल्बम एकत्र मिसळलेले असतात, शिवाय हिशेब तपासलेला नसतो. अमेरिकेत तपासलेला हिशेब ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना ठेवते : पाच लाखांना गोल्ड, दहा लाखांना प्लॅटिनम, एक कोटीला डायमंड. त्यातही तीन खाचखळगे आहेत.

पहिला, प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही, कंपनीला अर्ज करून तपासणी करून घ्यावी लागते. जुन्या कलाकाराची कंपनी अर्ज करत नसेल, तर त्याचा आकडा वर्षानुवर्षं तिथेच गोठतो. दुसरा, दोन तबकड्यांचा पुरेसा लांब संच दोनदा मोजला जातो. अमेरिकी कंट्री गायक गार्थ ब्रुक्सच्या 'डबल लाइव्ह'ला २१ पट प्लॅटिनम आहे, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे एक कोटी पाच लाख संच. तिसरा, हा हिशेब एकाच देशाचा. त्या यादीत ब्रुक्स पार वरच्या रांगेत आहे, आणि अमेरिकेबाहेरच्या कित्येक श्रोत्यांना त्याचं एक गाणंही आठवणार नाही.

प्रश्न : एल्विसची पहिल्या क्रमांकाची गाणी कुठे १८ लिहिलेली असतात, कुठे १७, कुठे ७. खरं काय?

उत्तर : तिन्ही खरी. 'बिलबोर्ड' या अमेरिकी नियतकालिकाची 'हॉट १००' ही लोकप्रिय गाण्यांची यादी ४ ऑगस्ट १९५८ ला सुरू झाली. 'हार्टब्रेक होटेल'सारखी १९५६ ची गाणी तिच्यात येणारच कशी? त्या यादीपुरतं मोजलं तर सात. त्याआधी दुकानातली विक्री, रेडिओ आणि ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणं वाजवायचं यंत्र) यांच्या वेगवेगळ्या याद्या होत्या, त्या धरल्या की १७ किंवा १८. तो एकाचा फरक एकाच तबकडीच्या दोन बाजूंमुळे पडतो : 'डोन्ट बी क्रुएल' आणि 'हाउंड डॉग' एक धरायची की दोन. म्हणून जॅक्सनच्या 'हॉट १००'मधल्या १३ गाण्यांशी तुलना करायची, तर समोर सातच ठेवावी लागतात. आणि तसं केलं की एल्विसवर उघड अन्याय होतो. मोजपट्टीच त्याच्यानंतर जन्मली!

प्रश्न : मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' हा एकट्याचा अल्बम म्हणता येईल का?

उत्तर : नावाने हो, कामाने अर्धा. नऊ गाण्यांपैकी चार जॅक्सनने लिहिली, तीन रॉड टेम्परटनने, उरलेली दोन इतरांनी. निर्माता क्विन्सी जोन्स. 'बीट इट'मधला गिटारचा प्रसिद्ध तुकडा एडी व्हॅन हेलनचा. 'बिली जीन'च्या सुरुवातीला ड्रम आणि बेसची जी जोडी काळजात घुसते, ती लिऑन चान्सलर आणि लुईस जॉन्सन यांच्या हातची. याने जॅक्सन लहान होत नाही. गळा, नृत्य आणि चित्रफीत यांची एकच कला करून दाखवणारा त्याच्या तोडीचा कुणी नाही. तुमची कसोटी 'रंगमंचावर सर्वांत मोठा कोण' अशी असेल, तर आमचंही मत त्यालाच. पण वाद एकल निर्मितीचा असेल, तर त्याच्याआधी प्रिन्सचं नाव येतं. १९७८ चा पहिला अल्बम त्याने एकोणिसाव्या वर्षी जवळजवळ एकहाती केला. १९८४ च्या 'व्हेन डव्ह्ज क्राय'मधून तर त्याने बेस काढूनच टाकला. नाचायच्या गाण्याला बेस नाही, आणि तरी ते अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

प्रश्न : बॉब डिलनला गाता येत नाही, मग सर्वांत मोठ्या कलाकारांच्या यादीत त्याचं नाव का घेतात?

उत्तर : कारण शब्द. २०१६ चं साहित्याचं नोबेल त्याला मिळालं. गळ्याला वेगळे गुण ठेवा आणि तिथे हवे तर कमी द्या, पण नाव यादीतून काढू नका.

प्रश्न : आजच्या गायकांचे विक्रम तर जुन्यांना मागे टाकतात. ते का धरू नयेत?

उत्तर : कारण मोजायची वस्तूच बदलली. अमेरिकी प्रमाणपत्रासाठी २०१६ पासून १,५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम धरतात. २५ गाण्यांचा अल्बम ६० वेळा पूर्ण वाजला की एक प्रत भरते, नऊ गाण्यांच्या अल्बमला त्यासाठी १६७ वेळा वाजावं लागतं. लांब अल्बम काढण्यात सरळ फायदा आहे. २०१८ मध्ये रॅपर ड्रेकच्या 'स्कॉर्पियन' या अल्बमची २५ च्या २५ गाणी एकाच आठवड्यात 'हॉट १००'मध्ये आली. पूर्वी त्या यादीत शिरायला गाणं सिंगल म्हणून दुकानात असावं लागे, ही अट १९९८ च्या डिसेंबरात गेली. जुन्या-नव्याची तुलना त्या त्या वर्षातल्या समकालीनांशी करा, परस्परांशी नको.

प्रश्न : आम्ही सहा जण एका संध्याकाळी बसून निकाल लावणार आहोत. पद्धत सुचवा.

उत्तर : पाचच नावं घ्या. प्रत्येकाची तीन गाणी, मिळून १५ मिनिटांच्या आत, म्हणजे ऐकायला सव्वा तास पुरेल. गुण आधी ठरवा. आम्ही रचनेला ३०, गळ्याला २५, वादन आणि ध्वनिमुद्रणाला २५, पुढच्या कलाकारांवरच्या प्रभावाला २० देऊ. विक्रीला शून्य.

घोटाळा होतो तो आवाजाच्या पातळीत. जुनं गाणं नव्याने मास्टर केलेल्या (ध्वनीवर पुन्हा शेवटचा हात फिरवलेल्या) आवृत्तीत बरंच मोठ्याने वाजतं, आणि मोठ्याने वाजलेलं कानाला चांगलं वाटतंच. म्हणून सगळी गाणी कानाने एका पातळीवर आणून ठेवा, किंवा प्लेअरमधली पातळी समान करायची सोय चालू करा. गाणं संपल्यावर कुणी बोलायच्या आत गुण कागदावर उतरवा. आधी चर्चा झाली की सगळे मोठ्या आवाजात बोलणाऱ्याच्या मागे जातात.

नुसती बेरीज करू नका. कुणी आपल्या लाडक्याला वाचवायला प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम पाच गुण देतो आणि निकाल वाकतो. त्याऐवजी जोड्या लावा. पाच नावांच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत सहांपैकी किती कागदांवर कोण वर आहे ते पाहा, ज्याने जास्त जोड्या जिंकल्या तो पहिला. तीन-तीन मतं पडली तर ती जोडी बरोबरीत सोडा. कधी 'क' हा 'ख'ला हरवतो, 'ख' हा 'ग'ला आणि 'ग' पुन्हा 'क'ला. तसं झालं तर त्या तिघांचं प्रत्येकी एक गाणं आणखी वाजवून फक्त तेवढ्या तीन जोड्यांचं मतदान परत घ्या.