तक्त्यातले 13.90 युरो

प्रश्न: मी सोलापुरात एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात आहे, घरी मंडळी विड्या वळतात. मुलगी बारावी सायन्सला. तिला नर्सिंग शिकायला जर्मनीला पाठवा म्हणून एका एजंटानं तक्ता दिलाय. जर्मनीत किमान वेतन 2015 साली तासाला 8.50 युरो होतं, 2026 मध्ये 13.90. भारतात तेव्हा दिवसाला 160 रुपये, आता 178. आठ तास, 26 दिवस धरून महिन्याला जवळजवळ तीन लाख होतात म्हणतो. खरं आहे का?
– एक पालक

उत्तर:
नमस्कार. आकडे खरे आहेत. फक्त तुमच्या लेकीच्या कामाचे नाहीत.

जर्मनीचं ते किमान वेतन शिकाऊ उमेदवाराला लागूच होत नाही. ती जाणार आउसबिल्डुंगला, म्हणजे पगार घेत तीन वर्षं शिकायला. बहुतेक व्यवसायांतल्या शिकाऊंसाठी कायद्यानं वेगळी किमान रक्कम आहे: पहिल्या वर्षी महिन्याला 2020 मध्ये 515 युरो होती, 2026 मध्ये 724. नर्सिंगच्या शिक्षणाचा कायदा वेगळा, त्याला ही रक्कम लागू नाही. नर्सिंगला बरीच रुग्णालयं याहून पुष्कळ जास्त देतात, पण त्यातूनच विमा, खोलीभाडं, जेवण निघायचं. तीन लाखांवर आताच काट मारा. (ते 26 दिवसही आपल्या सवयीनं धरलेत, तिथं आठवडा साधारण पाच दिवसांचा.)

गंमत अशी, की पुढच्या काळासाठी हाच तक्ता कमी दाखवतो. वृद्धसेवेच्या क्षेत्राला तिथं स्वतंत्र किमान वेतन आहे आणि शिक्षण पूर्ण केलेल्या परिचारिकेसाठी ते 1 जुलै 2025 पासून तासाला 20.50 युरो झालं. एजंटाला हे माहीत नसावं, नाहीतर त्यानं तेच आधी छापलं असतं.

आता 178 रुपयांचं. तो केंद्राचा 2019 चा नुसता तळाचा आकडा, राज्यांवर बंधनकारक नसलेला. आपल्याकडे किमान वेतनाचे दर राज्य सरकार ठरवतं, तेही उद्योग आणि परिमंडळ (म्हणजे भाग) बघून. तुमच्याच पगाराच्या चिठ्ठीवर बघा, मूळ वेतन आणि विशेष भत्ता वेगळे असतील. तो भत्ता महागाई निर्देशांकावरून दर सहा महिन्यांनी बदलतो. वहिनींची मजुरी तर तासावर नाहीच, हजार विड्यांवर. जर्मनीत बहुतेक सगळ्यांना एकच आकडा, इथं शेकडो. त्यातला सगळ्यात खालचा उचलून शेजारी ठेवला की दरी हवी तेवढी मोठी दिसते. दरी आहेच म्हणा, पण एवढी फुगवायची गरज नव्हती.

वाढही युरोतच मोजा. 8.50 चे 13.90 म्हणजे सुमारे 64 टक्के. तेवढ्या काळात तिथली महागाई साधारण तीस टक्के. म्हणजे तिथल्या कामगाराच्या हातात खरोखर जास्त आलं. रुपयात गुणलं की मात्र घोटाळा होतो, कारण 2015 ला सत्तरच्या आसपास असलेला युरो आता शंभरीपार आहे. अमेरिकेचं बघा: तिथलं केंद्रीय किमान वेतन जुलै 2009 पासून 7.25 डॉलरवर थांबलंय, एक सेंट वाढलेलं नाही. आपल्या रुपयात मात्र ते साडेतीनशेचं सहाशेच्या वर गेलेलं दिसतं! पगार वाढला नाही, रुपया घसरला.

माझं मत विचाराल तर मुलीची तयारी असेल तर जरूर पाठवा, पण घर गहाण टाकून नाही. आधी जर्मन भाषा शिकू दे, निदान बी-वन पातळीपर्यंत. नर्सिंगला बऱ्याच ठिकाणी त्याच्या वरची पातळी, बी-टू मागतात. बारावीनंतरचं एक वर्ष त्यात गेलं तरी हरकत नाही. एजंटाला एक पैसाही द्यायच्या आधी रुग्णालयाचा करार मागा. त्यात तिन्ही वर्षांची रक्कम, कपातीनंतर हातात येणारे युरो आणि खोलीची सोय लिहिलेली हवी. तो कागद आला की मला पाठवा, आपण मिळून बघू.