आयव्हीएफने (टेस्ट ट्यूब पद्धतीने) झालेले मूल पुढे अशक्त निघते का?

कोथरूडहून आपण विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर असे की, बहुतेक मुले इतरांसारखीच सुदृढ असतात. जन्मजात व्यंगाचे प्रमाण किंचित अधिक आढळते खरे, परंतु त्यात पालकांचे वय आणि मुळातले वंध्यत्व यांचाही वाटा असतो. मोठा धोका जुळ्यांचा आहे. गर्भाशयात दोन भ्रूण सोडले की बाळे अपुऱ्या दिवसांची, दीड-दोन किलोंची होऊन पुण्यातल्या एखाद्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काचेच्या पेटीत आठवडे काढण्याची शक्यता वाढते, आणि ‘एका खर्चात दोन’ हा नातेवाइकांचा हिशेब तिथे फसतो. म्हणून शक्यतो एकच भ्रूण सोडण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. शुक्राणू फारच कमी असल्याने इक्सी (एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत) करायची असेल, तर वाय गुणसूत्रातील दोष मुलग्याकडे जाऊ शकतो. त्यासाठी पतीची जनुकीय तपासणी आधी करून घ्यावी.