वाचक विचारतात: दवाखान्याला देणगी का द्यायची?

प्रश्न : आमच्या तालुक्यातलं ट्रस्टचं हॉस्पिटल दरवर्षी देणगी मागतं. पेशंटकडून बिल घेतातच ना, मग लोक वरून पैसे का देतात?

उत्तर : ताई, बिलात सगळा खर्च निघत नाही हो, गरिबाचं बिल माफ केलं की तो खड्डा कुठूनतरी भरावाच लागतो. पण लोक हिशोब करून थोडीच देतात, कुणाच्या आईवर तिथे उपचार झालेले असतात, कुणाला रात्री दोनला शहर गाठणं परवडत नाही म्हणून जवळचा दवाखाना टिकायला हवा असतो, आणि हो, काहींना संगमरवरी पाटीवर नाव पण हवं असतं, असू दे की! सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलच्या योजनेत तर गावकरी सुगीला ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायचे आणि त्यावर उपचारात सवलत मिळायची, त्यामुळे दवाखाना आपला वाटायचा.

फक्त एक, मशीनला सगळे देतात, नर्सच्या पगाराला आणि लाइटबिलाला कोणी देत नाही, तुम्ही त्याला द्या. देणगीवरच्या आयकर सवलतीची पावती (जिला ८०जीची म्हणतात) मागा, २००० रुपयांपेक्षा जास्त कॅश दिली तर टॅक्समध्ये सूट नाही, आणि नवीन टॅक्स रिजीममध्ये तर ती मिळतच नाही.