शेतमालासाठी जुनी पिकअप घेऊन ती घरीच दुरुस्त करणं परवडेल का? काय बघून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की भाजी मार्केटला न्यायला भाड्याच्या गाड्या लावून कंटाळलात, हातात दोनेक लाख आहेत, पाना-पक्कड चालवता येते, घरामागे शेड आहे आणि कारचं लायसन्स आहे. परवडेल. फक्त गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी कागद, मग चेसिस (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), मग इंजिन. लोक नेमकं उलटं करतात. मालक सेल मारतो, इंजिन गुरगुरतं आणि घेणारा तिथंच विरघळतो.

मी कोल्हापूरकडचा. आमच्या घरी गाडी जुनीच येते आणि शेडमध्येच सुधारते, म्हणून सांगतो. इंजिन कितीही थकलेलं असलं तरी पुन्हा बांधता येतं. पिस्टन, रिंगा, मेटल सगळं बाजारात मिळतं, आणि ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, नेऊन टाकला की बोअरिंग होऊन येतो. सडलेली चेसिस आणि अडकलेले कागद मात्र कुठल्याच फिटरच्या हातात नसतात.

कागदांत पहिला बघायचा तो बोजा. पिकअप बहुतेक कर्जावरच निघालेली असते. मालक म्हणतो हप्ते कधीच फिटले, पण आरसीवर फायनान्सचं नाव तसंच असतं. कंपनीची एनओसी आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत इसारापुरतेच पैसे द्या, पूर्ण व्यवहार करू नका. ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० मालकासमोर बसून भरा, कोऱ्या फॉर्मवरच्या जुन्या सह्या घेऊन येऊ नका. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून फिटनेस, विमा, टॅक्स आणि थकलेली ई-चलानं बघून घ्या. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी करायचा असतो, त्यापुढे दरवर्षी. गाडी बरीच वर्षं बंद पडून असेल तर फिटनेसचा दंड आणि थकलेला टॅक्स मिळून किती निघतो ते आरटीओत विचारा आणि तेवढी रक्कम भावातून कापा. ट्रान्सफर झाल्यावर विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा असतो, हे निम्मे लोक विसरतात.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश झाले तेव्हापासून त्या इकडे येत असतात. गाडी चांगली असूही शकते, पण तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स, नवीन नंबर, एवढं सगळं धरून हिशोब करा. पहिल्याच गाडीला मी तरी हा उद्योग करणार नाही.

आता चेसिस. आरसीवरचा नंबर आणि चेसिसवर कोरलेला नंबर अक्षर-अक्षर जुळवा. आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा असतील किंवा एखादा आकडा पुन्हा ठोकल्यासारखा वाटत असेल तर चहा पिऊन परत या. इंजिन नंबरही तसाच जुळवा, कारण इंजिन बदललेलं असून आरसीवर चढवलेलं नसतं असं खूपदा होतं.

गाडी आधी काय वाहत होती हे विचाराच. कांदा, दुधाचे कॅन, कोंबड्या काहीही चालेल, मासळी नको. आमच्याकडे आंबा घाट आणि गगनबावडा चढून कोकणातून मासळीच्या गाड्या येतात. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून रोज चेसिसवर ठिबकत राहतं. वरून गाडी रंग मारून चकाचक, पण केबिनच्या मागे जिथं चेसिस वळते तिथं आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पानांच्या) ब्रॅकेटजवळ हातोडीने ठोकत जा. निरोगी लोखंड टणटण वाजतं. मध्येच आवाज भद्द झाला की आत पापुद्रे सुटलेत. तिथं जुना स्क्रू-ड्रायव्हर जोर लावून दाबा, आत गेला तर व्यवहार संपला. डांबरासारखा काळा थर नुकताच फासलेला दिसला तर तो कशासाठी फासलाय हेही विचारा. वेल्डिंगची पट्टी एखाद्या जागी चालते, दोन्ही बाजूंना समोरासमोर पट्ट्या असतील तर गाडी कधीतरी वाकली होती असं समजा.

कोणती घ्यावी? घरी काम करायचं असेल तर मेकॅनिकल पंपाची. देशभर बीएस-४ हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. त्याआधीच्या बीएस-३ पिकअपमध्ये साधा पंप आणि साधे नोझल मिळतात. कॉमन रेलची, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणारी, गाडी वाईट नाही, पण तिला लॅपटॉप लावणारा माणूस लागतो आणि इंजेक्टर गेले तर तुमचं बजेट तिथंच आटोपतं. व्यवहारात नावं दोनच: महिंद्राची बोलेरो पिकअप, २५२३ सीसीचं डीआय इंजिन, आणि टाटा २०७ डीआय, २९५६ सीसी. २०७ ओढायला दांडगी, पण केबिनचे पत्रे, काचा, दाराच्या कड्या शोधत भंगार बाजार पालथे घालावे लागतात. बोलेरोचं सामान तालुक्याच्या गावात कुठल्याही दुकानात मिळतं. माझं मत बोलेरोला.

इंजिन थंड असतानाच बघायचं. बोनेट उघडून आधी हात लावा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलेलं आहे, तेव्हा त्याला सांगा उद्या सकाळी येतो. चालू झाल्यावर ऑइल टाकायचं झाकण काढा. थोडी वाफ येणारच, पण धूर भकाभका येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा गेल्या. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, त्यात बऱ्याचदा नोझल आणि एअर फिल्टरवर भागतं. पांढरा धूर सकाळी क्षणभर चालतो. गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट धरून चला. यातलं काही निघालं तरी गाडी सोडायचं कारण नाही, भाव पाडायचं कारण आहे. मीटरवरच्या किलोमीटरकडे मात्र बघूच नका. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर आणि ड्रायव्हरची सीट जास्त खरं बोलतात.

गाडी घरी आली की पहिलं काम ब्रेक. रंग नाही, टेप नाही, ब्रेक. गाडी सपाट फरशीवर घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, जॅकने उचलून चेसिसखाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ओंडके द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, मग काम दोन मिनिटांचं असो. मागचे ड्रम उघडा, लायनर बघा, व्हील सिलेंडरचं रबर उचकटून आत ओल आहे का बघा. ओल असली तर किट बदलण्यापेक्षा सिलेंडरच नवा टाका, पैशात फार फरक पडत नाही. सगळं बसवल्यावर ब्रेकची एअर काढायला घरातलं एक माणूस केबिनमध्ये बसवायचं. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. तुम्ही खालून "दाब, दाब, दाब, आता धर" म्हणायचं, निपल सैल करायचं, बुडबुडे बाहेर पडले की निपल आवळायचं आणि मगच "सोड". आमच्या घरी हे काम आईकडे असतं, कारण "धर" म्हटल्यावर पाय न उचलणारं दुसरं कोणी नाही. डबीतलं ब्रेक ऑइल मध्येच संपू देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून सगळं परत.

त्यानंतर इंजिन ऑइल, गिअर ऑइल, क्राऊनचं (मागच्या अ‍ॅक्सलच्या गिअरचं) ऑइल, सगळे फिल्टर आणि कूलंट एकदाच बदला. डिझेल फिल्टर बदलल्यावर गाडी एअर पकडते. फिल्टरवरचा हातपंप मारत बोल्ट सैल करून बुडबुडे जाईपर्यंत डिझेल वाहू द्यायचं. नोझलचं टेस्टिंग पंपवाल्याकडेच. नोझलमधून डिझेल इतक्या दाबाने सुटतं की कातडीत घुसतं, त्यामुळे "फवारा बघू" म्हणून हात पुढे करायची हौस नको. आणि रेडिएटरचं काम करताना थर्मोस्टॅट काढलेला आढळला तर नवा बसवा. "काढून टाक, गाडी थंड राहते" हे ज्ञान प्रत्येक गॅरेजमध्ये फुकट मिळतं. त्याने इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त पितं आणि सिलेंडर लवकर झिजतो.

पाटे उतरवणं घरी करू नये असं माझं मत. वजन आणि ताण दोन्ही जास्त असतात. कमानवाल्याकडे, म्हणजे पाट्यांचं काम करणाऱ्याकडे न्या, तुटलेलं पान, बुश, शॅकल पिन, सेंटर बोल्ट एकदाच करून घ्या. घरी आल्यावर थोडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळा, ते सैल होतातच. दोन पानं वाढवून घेतली म्हणजे वजन वाढवायची परवानगी मिळाली असं होत नाही, आरसीवर जे लिहिलंय तेच.

वायरिंग शेडमध्ये बसून करायचं सगळ्यात समाधानाचं काम. जुन्या गाडीत प्रत्येक मालकाने आपापला हॉर्न, आपापला टेप जोडून ठेवलेला असतो. मूळ वायरिंगशिवाय जे जे दिसेल ते उपटून टाका, बॅटरीची आणि इंजिनची अर्थिंग घासून लख्ख करा. निम्मे बिघाड तिथंच मिटतात.

हौदा वायर ब्रशने घासा, सडलेला पत्रा कापून चेकर पत्रा वेल्ड करून घ्या, रेडऑक्साइड मारा, मग रंग. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढा. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि कड्या नव्या घ्या, टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर सांडले की ते दोनशे रुपये आठवतात. रंग मूळचाच ठेवा, बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. फिटनेसला जाताना रिफ्लेक्टर पट्ट्या, सगळे दिवे, वायपर आणि पीयूसी लागेल. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही. माल घरचाच असला तरी गाडी कागदावर मालवाहू आहे, म्हणून पाटी पिवळीच.

पैशांचं म्हणाल तर दोन लाखांतले सव्वा लाखाच्या वर गाडीत घालू नका. टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच आणि आरटीओ मिळून उरलेले आरामात खातात. इंजिन काम निघालं तर ते या हंगामात नाही, पुढच्या.

कारचं लायसन्स चालतं. ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय, वेगळा शेरा लागत नाही. आणि एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिटही लागत नाही. त्यासाठी आरसीवरचा वजनाचा आकडा गाडी घेण्याआधीच वाचा, कारण पिकअपची काही मॉडेलं त्याच्या वर जातात.