आपली खरी आवड कशी ओळखायची?

ज्या कामातला कंटाळवाणा भागही आपण हौसेने करतो, ती खरी आवड, असं मला मनापासून वाटतं. आमच्या नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके बघा. फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, सगळं करून झालं होतं. सिनेमाचं वेड लागलं तेव्हा चाळिशी आली होती! मग कुंडीतलं वाटाण्याचं रोप कसं वाढतं, हे त्यांनी महिनाभर थोडं थोडं चित्रित केलं. फिल्म झाली मिनिटभराची. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला तो त्यानंतर.

तुम्हीही मनातली एक गोष्ट महिनाभर रोज अर्धा तास करा, कुणाला न सांगता. चौथ्या आठवड्यातही हात आपसूक तिकडे वळतो का, ते वहीत लिहून ठेवा.