नवं प्रादेशिक (जवळच्या, छोट्या मार्गांवरचं) जेट ब्राझीलची एम्ब्रेअर आणि युरोपची एअरबससमोर टिकेल का?

तुमचा प्रश्न असा आहे, की एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही आपली सरकारी विमान बनवणारी कंपनी) रशियाचं एसजे-१०० हे साधारण शंभर आसनांचं जेट भारतात बनवणार असं वाचलं, तर ते जुन्या कंपन्यांच्या विमानांसमोर टिकेल का.

मी मुंबईत एका विमान कंपनीच्या स्पेअर्स विभागात अकरा वर्षं आहे, त्यामुळे मी या प्रश्नाकडे गोदामातून बघतो. विमान उडतं कसं, हे नंतर. बंद पडलं तर किती तासांत पुन्हा उडेल, हे मी आधी विचारतो.

आमचं एक छोटं जेट मराठवाड्यातल्या एका विमानतळावर संध्याकाळी अडकलं. इंजिनातली हवा केबिनकडे नेणारा एक व्हॉल्व्ह उघडत नव्हता. आमच्याकडचा शिल्लक नग आदल्याच आठवड्यात लागला होता. नवा सिंगापूरहून मागवला, कस्टम्समधून सोडवला, गाडीत घालून रातोरात पाठवला. अशा खोक्याबरोबर एका प्लास्टिकच्या पाकिटात रिलीज सर्टिफिकेट, म्हणजे भाग विमानात बसवायला योग्य असल्याचा दाखला असतो. इंजिनिअरने आधी तो कागद काढला आणि टॉर्चच्या उजेडात सीरियल नंबर एकेक आकडा बोटाने ताडून पाहिला. नंबर जुळला नसता तर तो नवाकोरा व्हॉल्व्ह आमच्या लेखी भंगार. जुळला. तोवर चार फेऱ्या रद्द झाल्या होत्या.

आणि हे जगात शेकड्यांनी उडणारं विमान. ज्या एसजे-१०० ची सगळी मिळून दोनेकशे विमानं बनली आहेत, त्याचा व्हॉल्व्ह सिंगापुरात कोण ठेवणार?

जपानच्या मित्सुबिशीचं उदाहरण माझ्या मनाला फार लागतं. त्यांनी २००८ मध्ये एमआरजे हे जेट हाती घेतलं. त्यांचं हुकमाचं पान होतं प्रॅट अँड व्हिटनीचं इंधन वाचवणारं गिअर्ड टर्बोफॅन इंजिन. पण इंजिन विकणाऱ्याला गिऱ्हाईक एकच थोडं असतं? २०१३ मध्ये एम्ब्रेअरने त्याच घराण्यातलं इंजिन आपल्या ई-२ या नव्या विमानांच्या मालिकेसाठी निवडलं. २०१८ मध्ये ई-२ प्रवासी वाहू लागलं, तेव्हा एमआरजे अजून चाचण्यांतच होतं. त्यात अमेरिकेतली अडचण. तिथल्या मोठ्या विमान कंपन्यांचे वैमानिकांच्या संघटनांशी करार असतात, त्यानुसार प्रादेशिक जेट ७६ आसनं आणि सुमारे ३९ टन वजनाच्या आत लागतं. एमआरजे-९० त्याहून जड. एम्ब्रेअरचं जुन्या इंजिनाचं ई-१७५ या मापात बसतं, म्हणून ते अजूनही खपतं.

जून २०२० मध्ये मित्सुबिशीने कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीचा सीआरजे या छोट्या जेटचा विभाग विकत घेतला, तोही मुख्यतः दुरुस्ती केंद्रं आणि ग्राहकसेवेसाठी. म्हणजे विमान घरी बनवता आलं, पण ते सांभाळणारं जाळं बाजारातून आणावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एमआरजेचं काम थांबलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकल्प कायमचा गुंडाळला. इतकी वर्षं त्यावर खपलेल्या इंजिनिअरांचं मला मनापासून वाईट वाटतं.

बॉम्बार्डियरचं सी-सीरीज हे थोडं मोठं जेट तर उत्तमच विमान होतं. बोइंगच्या तक्रारीवरून अमेरिकेने त्यावर जवळजवळ ३०० टक्के शुल्क लावायचं ठरवलं, ते पुढे जानेवारी २०१८ मध्ये टळलं. पण तोवर एका डॉलरला बहुमताचा हिस्सा एअरबसला द्यायचं ठरून गेलं होतं. जुलैमध्ये विमानावर ए-२२० हे नाव लागलं आणि लगेच अमेरिकेच्या जेटब्लू कंपनीने ६० विमानं मागितली. विमान तेच, पण मागे उभा राहणारा बदलला होता.

आता तुमच्या एसजे-१०० कडे येतो. ते पूर्वीचं सुखोई सुपरजेट. २००८ मध्ये पहिल्यांदा उडालं, २०११ पासून सेवेत आहे. मेक्सिकोच्या इंटरजेटने २२ विमानं घेतली, पण सुटे भाग वेळेवर मिळेनात, तेव्हा काही विमानं जमिनीवर ठेवून त्यांचे भाग काढून बाकीच्यांना लावायची वेळ आली. इंजिनाचा गाभा फ्रेंच होता. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियावर आलेल्या निर्बंधांनंतर तो आधार गेला, म्हणून आता रशियन पीडी-८ इंजिन आणि बाकीच्या यंत्रणाही रशियनच.

एचएएलने ऑक्टोबर २०२५ मध्ये मॉस्कोत केला तो सामंजस्य करार आहे, विमानांची ऑर्डर नव्हे. तरी मला आशा आहे. अॅव्हरो या जुन्या पंख्याच्या प्रवासी विमानाचं उत्पादन १९८८ मध्ये थांबलं, तेव्हापासून एवढं मोठं प्रवासी विमान एचएएलने बनवलेलं नाही. पण नाशिकजवळ ओझरला सुखोई-३० हे लढाऊ विमान जोडलं जातं आणि ओडिशात कोरापुटला त्याची इंजिनं बनतात. हात आपल्याकडे आहेत. आपल्या भागात स्टार एअरने एम्ब्रेअरची ५० आणि ७६ आसनी जेट आणून कोल्हापूर-नांदेडसारख्या शहरांत चालवून दाखवली, म्हणजे अशा विमानांना प्रवासीही आहेत.

मात्र एचएएलच्या माणसाला भेटलो, तर मी किंमत विचारणार नाही. पीडी-८ ची किती जादा इंजिनं भारतात ठेवणार, ती उघडून दुरुस्त करायचा परवाना कोणाकडे असेल, आणि रात्री दोनला फोन केला तर पार्ट कुठून निघेल, हे विचारेन. त्याने गोदामाचा पत्ता सांगितला, तर आमच्या साहेबांना हे विमान बघायला न्यायची खटपट मी स्वतः करेन.